धाकटी बार्शीलाच राहिली

दाजी,

काल धाकटीला बार्शीला पोचवून आलो. एसटीत मांडीवर घेऊन बसलो होतो, चादरीत गुंडाळून, तुम्ही बसायचात तसाच. वैरागला एक बाई शेजारी येऊन बसल्या आणि "बाळ झोपलंय व्हय?" म्हणत चादरीचं टोक उचलायला गेल्या. तुम्ही असतात तर त्यांना तिथून बार्शीच्या स्टँडपर्यंत हार्ड डिस्क कशी फिरते ते सांगत नेलं असतंत. मी नुसतं "मशीन हाय" म्हटलं आणि खिडकीबाहेर बघत राहिलो.

हे दुसऱ्या कुणाच्या वाचनात आलं तर त्याचा घोळ नको, म्हणून सांगून टाकतो. धाकटी म्हणजे आठ खणांचा एक लोखंडी डबा. प्रत्येक खणात एक हार्ड डिस्क. तिची थोरली जाऊ, म्हणजे तसलाच दुसरा डबा, सोलापुरात सात रस्त्यामागच्या गल्लीत माझ्या शूटिंगच्या दुकानात असायची. मी आजवर जी लग्नं, मुंजी, बारशी शूट केली ती सगळी थोरलीत, आणि थोरलीत जे आहे ते सगळं पुन्हा धाकटीत. नावं आक्कानं, माझ्या बहिणीनं, ठेवली. तुम्ही त्यांना 'प्राथमिक' आणि 'दुय्यम' म्हणायचात. कॉलेजात कॉम्प्युटर शिकवून शिकवून तुमची जीभच तशी झाली होती. आक्का म्हणाली, "असली नावं ठिवल्यावर कोण जीव लावंल त्यास्नी?" तेव्हापासून एक थोरली, एक धाकटी.

तुम्ही गेल्यावर घरी आलेल्या लोकांनी तुमच्याबद्दल बरंच चांगलं सांगितलं. शिस्तीचे होते, मितभाषी होते. मितभाषी! मी आपला मान हलवत बसलो. माझ्याशी तर तुम्ही आक्काचं लग्न झाल्यापासून अखंड भांडत आलात, आणि त्यातली निम्मी भांडणं या दोन डब्यांवरून. मेव्हणा म्हणून माझा तो हक्कच होता म्हणा. आता भांडण अर्धं टाकून तुम्ही निघून गेलात, आणि माझ्याकडं बोलायचं बरंच शिल्लक आहे.

सुरुवात आठवते? माझ्या टेबलाच्या खणात सुट्या हार्ड डिस्क खच्चून भरलेल्या असायच्या. प्रत्येकीवर पांढरी चिकटपट्टी, पट्टीवर नवरा-नवरीची नावं, आणि निम्म्या पट्ट्या उन्हाळ्यात सुटून खाली पडलेल्या. त्यातली एक एका सकाळी टक्-टक् करायला लागली आणि गप्प झाली. नेमकं तुमच्याच कॉलेजातल्या सहकाऱ्याच्या मुलीचं लग्न तिच्यात. फिल्म अजून द्यायची होती. तुम्ही रविवारी बार्शीहून आलात ते थेट खण ओढून उभे राहिलात. "रमेशराव, हे दुकान आहे का भंगाराचं गोदाम?" चिडलात की मी रमेशराव व्हायचो. एरवी रम्या.

ती डिस्क पुण्याला पाठवून लग्न कसंबसं परत मिळवलं, पण तुमच्या डोक्यात किडा शिरला तो शिरलाच. बाजारात तयार सर्व्हर मिळतात, त्यांची किंमत मी फोनवर विचारली आणि फोन ठेवून दिला. इंटरनेटवर जागा भाड्यानं घ्यावी तर एका लग्नाचं शूटिंग वर चढेपर्यंत त्या जोडप्याचा पहिला दिवाळसण उरकेल, असा आपल्या गल्लीतल्या नेटचा वेग. तुम्ही म्हणालात, आपणच बांधू. बांधू म्हणालात, जसं काही संडासाची टाकी बांधायचीये.

मग तुम्ही कॉलेजातून मोडीत निघालेला एक जुना कॉम्प्युटर उचलून आणलात. धूळ झाडून झाल्यावर म्हणालात, "याला फार डोकं लागत नाही. चोवीस तास जागं राहायचं आणि मागितलं की द्यायचं." डिस्कची तुमची युक्ती तर मला चोरीच वाटली होती. सुट्या डिस्क महाग, पण त्याच डिस्क प्लास्टिकच्या कवचात घालून बाहेरून जोडायच्या म्हणून विकतात, त्या सणासुदीच्या सेलमध्ये स्वस्त. तेव्हा त्या आणायच्या आणि कवच फोडून आतली डिस्क काढून घ्यायची. बार्शीच्या तुमच्या सोप्यात हे काम चाललं होतं. एका बाजूला आक्का चटणीसाठी शेंगा फोडत बसलेली, दुसऱ्या बाजूला तुम्ही वाचनालयाचं जुनं कार्ड फटीत घालून डिस्क फोडताय. टरफलांचे दोन ढीग. आक्का म्हणाली, "माझ्यातलं दाणं तर खायला येत्यात. तुमच्यातलं काय करायचं?"

पहिलीच डिस्क विकत आणलेल्या रिकाम्या डब्यात घातली तर फिरेना. मी लगेच म्हणालो, बघा, सांगत होतो, कंपनीनं कवचात घातली ती काही उगीच नाही. तुम्ही तिच्या टोकाच्या एका पिनेवर चिकटपट्टीचा बारीक तुकडा लावलात, परत घातलीत, आणि ती गुणगुणायला लागली. तुम्ही माझ्याकडं बघितलंत ते अजून डोळ्यांसमोर आहे. मला फार राग आला होता तेव्हा.

डब्याचंही तसंच. त्याच्या पाठीला एक बटण होतं. ते फिरवलं की डबा स्वतःच सगळ्या डिस्क एकत्र सांभाळणार, आपण बघायला नको. मी म्हटलं, फिरवा की मग. तुम्ही ते बटण मुद्दाम बंद केलंत. "डब्याला अक्कल द्यायची नाही. डब्यानं डबाच राहावं. अक्कल कॉम्प्युटरमध्ये. उद्या डबा मेला तर दुसरा कुठलाही आणायचा, डिस्क कशाही घालायच्या, दार उघडतं. अक्कल डब्यात असली तर डब्याबरोबर मेली." आणि डिस्कची मांडणी अशी केलीत, की आठातल्या दोन गेल्या तरी एकही लग्न जाणार नाही. मला ते खरं वाटेना, तर चालू मशीनमधून तुम्ही दोन डिस्क उपसून माझ्या हातात दिल्यात. पडद्यावर वरात चालूच होती.

आपलं मोठं भांडण मात्र रॉचं. लग्नाची फिल्म होते तासा-दीड तासाची, पण कॅमेऱ्यातून येतो तो कच्चा माल दोन-तीन दिवसांचा. त्याला आम्ही रॉ म्हणतो. त्यात काय नसतं? पंख्याचा आवाज, कुणाची तरी पाठ, चपला शोधणारी माणसं, पंगतीत भातासाठी ओरडणारे काका. मी म्हणायचो, फिल्म दिली की रॉ पुसायचा. सगळी दुकानं तेच करतात. त्यासाठी आठ खणांचा डबा कशाला? तुमचं म्हणणं, डबा त्याचसाठी आहे. "फिल्म तर त्यांच्या घरी आहेच. तू कापून टाकतोस तेच पुढं कुणीतरी मागायला येतं." कोण येतंय, मी म्हणायचो. आणि खरंच वर्षानुवर्षं कुणी आलं नाही. डिस्क भरत गेल्या, तुम्ही लहान काढून मोठ्या घालत गेलात, मी कुरकुरत गेलो.

थोरली झाल्यावर तुम्ही धाकटी केलीत आणि ती बार्शीला नेलीत. एका छपराखाली दोन ठेवल्या म्हणजे एकच ठेवली, हा तुमचा नियम. आग लागो, चोर येवो, दोघींवर एकदम यायला नको. लग्नसराईत दर महिन्याला तुम्ही धाकटीला घेऊन एसटीनं यायचात, नवीन लग्नं तिच्यात उतरवायचात आणि संध्याकाळच्या गाडीनं परत. एकदा कंडक्टरनं विचारलं, काय हाय ह्यात? तुम्ही म्हणालात, लग्नं. तो म्हणाला, मग वऱ्हाडाची तिकिटं काढा की. हा किस्सा तुम्ही इतक्या वेळा सांगितलात की शेवटी शेवटी आक्का कंडक्टरचं वाक्य तुमच्या आधीच म्हणायची.

एवढा नियमाचा माणूस, पण वर्षातून एक दिवस तुमचा नियम मोडायचा. खंडेनवमीला. आमच्या दुकानात कॅमेरे, लाइट, स्टँड, सगळं पुसून पाटावर मांडतो, हळदी-कुंकू वाहतो. त्या दिवशी यंत्राला हात लावायचा नाही. पहिल्या वर्षी मी थोरलीची पूजा केली हे कळल्यावर आक्का अडून बसली. "सणाला थोरलीला मान आन् धाकटी तशीच फडताळात? जावा-जावांत भेद करताय व्हय?" झालं. तेव्हापासून दर खंडेनवमीला धाकटी चादरीतून सोलापूरला, दोघी एका पाटावर. म्हणजे ज्या दिवशी दुकानात दिवे, उदबत्त्या, नारळ, त्याच दिवशी आमच्या दोन्ही प्रती एका छपराखाली. तुम्ही कपाळावर हात मारायचात. "नियम मी करायचा आणि मोडायचा तुझ्या बहिणीनं."

पण यायचात. आणि येऊन पहारा द्यायचात. थोरलीचा प्लग स्वतःच्या हातानं काढून, वायर गोल गुंडाळून बाजूला ठेवायचात. मी नारळ फोडताना मध्ये टॉवेल धरून उभे राहायचात, पाणी उडेल म्हणून. हार घालू द्यायचा नाहीत. मी दर वर्षी झेंडूचा हार आणायचो आणि तुम्ही दर वर्षी तो शटरला लावायला लावायचात. डब्यावर फक्त एक फूल, तेही वर, पंख्यापासून लांब. "तोंडाशी फुलं नकोत. त्याला श्वास घ्यायचा असतो." मी म्हणायचो, आज बंद आहे की दाजी, कसला श्वास घेतोय? तुम्ही म्हणायचात, सवय वाईट.

यंदा घट बसायच्या आदल्या दिवशी तुमचा फोन आला. आवाज बारीक होता, पण बोलणं तेच. "रम्या, यंदा धाकटी आणायची नाही. पुरे झाला मूर्खपणा." मी म्हटलं, मग आक्काला तुम्हीच सांगा, मी वाईटपणा घेणार नाही. तुम्ही म्हणालात, "सांगतो." मी म्हटलं, बघू. आपलं शेवटचं बोलणं हे एवढंच, दाजी. तब्येत कशीये, असंसुद्धा मी विचारलं नाही. नेहमीचंच भांडण, पुढच्या आठवड्यात पुढं चालू करू, असं वाटलं होतं. आणि नवरात्रातच तुम्ही गेलात.

तुमचं दहन, सावडणं उरकून मी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी सोलापूरला निघालो. माझं सुतक फिटलं होतं, आक्काचं चालू होतं. निघताना सवयीनं फडताळाकडं गेलो, धाकटीला काढलं, चादर शोधायला लागलो. आक्का कोपऱ्यात बसून होती. ती म्हणाली, "ठिव ते खाली."

मी म्हटलं, "आक्का, पूजा हाय उद्या."

"सुतक हाय घरात. सुतकाची वस्तू पूजेला न्हेत्यात व्हय?"

मला वाटलं, लोखंडी डब्याला कसलं आलंय सुतक. तोंडावर आलंही होतं. पण तिच्याकडं बघितलं आणि डबा परत फडताळात ठेवला. तुम्ही तिला सांगितलं होतंत की नाही, ते मी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुकानात पूजा मांडली. यंदा पूजा करावी का नको, माझं मलाच कळत नव्हतं. मग वाटलं, यंत्रांची तरी करू, ती तुमचीच आहेत. कॅमेरे पुसले, लाइट पुसले. नारळ फोडला, मध्ये टॉवेल धरायला कुणी नव्हतं म्हणून बाहेर पायरीवर फोडला. आणि थोरलीला हार घातला. चांगला दाट, झेंडूचा, चौकातल्या फूलवालीकडचा सगळ्यात मोठा. तुमच्या फोटोला बार्शीत घातला होता त्याहून मोठा. तिच्या डोक्यावरून घेऊन दोन्ही बाजूंनी खाली सोडला, मागं गाठ मारली. तुमच्याच हातची वस्तू ती. मला दुसरं काही सुचलं नाही. हात जोडले आणि तिथंच खाली बसून रडलो. शटर ओढलं, आणि दसऱ्याच्या सकाळी पहिल्या गाडीनं आक्काकडं गेलो. घरात ती एकटीच होती. तेरावा होईपर्यंत तिथंच राहिलो.

थोरलीचा प्लग कुणी काढला नव्हता. तो दर वर्षी तुम्ही काढायचात. तिला पडदा नाही, पुढं बटण नाही, एक हिरवा दिवा तेवढा, तो हाराखाली झाकला गेला होता.

परत आलो आणि शटर वर केलं तर भाजलेल्या झेंडूचा वास. वाळलेल्या नव्हे, भाजलेल्या. हाराची गाठ सुटून दोऱ्याचं टोक मागच्या पंख्यात गेलं होतं. पात्यांभोवती दोरा असा आवळला होता की पंखा जागेवर थांबलेला. बंद दुकान, ऑक्टोबरचं ऊन, वर पत्रा, आणि आत आठ डिस्क इतके दिवस फिरत होत्या. शेवटी डब्याचा वीज घेणारा भाग जळाला आणि जाताना डिस्क घेऊन गेला. एक काढून बघितली, गेलेली. दुसरी, गेलेली. मी स्वतःशी म्हटलं, दोन गेल्या तर चालतं, दाजींची मांडणी आहे. तिसरीही गेली होती.

पाच डिस्क धडधाकट आणि त्यांत एकही लग्न पुरतं नाही. हे तुम्ही मला कागदावर रेघा मारून समजावलं होतंत, तेव्हा मी चहा पीत होतो.

नेमके त्याच दिवशी दुपारी होटगीचे सिद्रामप्पा आले. रेल्वेतून रिटायर झालेले, त्यांच्या मुलीचं लग्न मी शूट केलं होतं. गणपतीत त्यांनी फोन केला होता, बायको वारली म्हणून. हळदीला तिनं गाणी म्हटली होती, अर्धी कानडी, अर्धी मराठी, ती हवी होती. फिल्ममध्ये त्या जागी मी बासरी टाकली होती. मी त्यांना म्हटलं होतं, असतील, दसऱ्यानंतर या. तसे ते आले. डोक्याची टोपी काढून हातात घेतली आणि स्टुलावर बसले.

"फोटो हायेत घरात," ते म्हणाले. "लई हायेत. आवाज तेवढा न्हाय बघा. नातीला ऐकवायचाय. आजी कशी गात व्हती इचारतीय की ती."

समोर टेबलावर उघडी थोरली पडलेली. त्यांना वाटलं मी साफसफाई काढलीये. दाजी, इतकी वर्षं मी तुम्हाला विचारत होतो, रॉ मागायला कोण येतंय? आला होता माणूस. माझ्यासमोर बसला होता.

मी त्यांना म्हटलं, मामा, आठ दिवस द्या. ते म्हणाले, "घ्या की. तिला आता कसली घाई हाय?" आणि गेले.

आठ दिवस कशाला मागितले तेही मला माहीत नव्हतं. शटर अर्धं ओढून मी बसून राहिलो, आणि पहिलं मनात आलं ते हे, की आता दाजींना फोन करावा. मोबाइल हातात घेतला, तुमचं नाव काढलं, आणि मग आठवलं. ते आठवल्यावर दुसरं आठवलं. धाकटी. धाकटी इथं नव्हती.

दर वर्षी असते, यंदा नव्हती. असती तर याच पाटावर असती, आणल्या आणल्या थोरलीशेजारी जोडलेली, तिचाही प्लग तसाच. आणि मी एकीला हार घालून दुसरीला मोकळी ठेवली असती असं मला नाही वाटत.

संध्याकाळच्या गाडीनं बार्शीला गेलो. आक्काला काही सांगितलं नाही, धाकटी उचलली आणि सकाळी परत. कॉम्प्युटरला जोडली. आधी काहीच दिसेना. मग एकेक नाव पडद्यावर यायला लागलं, अगदी पहिल्या लग्नापासून, तुमच्या त्या कंटाळवाण्या पद्धतीनं लावलेलं, आधी वर्ष, मग गाव, मग आडनाव. चातुर्मासात लग्नं नसतात, त्यामुळं तुम्ही शेवटचं येऊन गेलात त्यानंतरचं फारसं काही नव्हतंच. एक बारसं तेवढं राहिलं होतं, ते कॅमेऱ्याच्या कार्डात सापडलं. नवा डबा मागवला, वेगळ्याच बनावटीचा. थोरलीच्या पाच डिस्क आणि नव्या तीन त्यात घातल्या, कशाही क्रमानं, मुद्दाम. धाकटीवरून सगळं उतरवून घेतलं. डब्याला अक्कल नको म्हणालात ते बरोबर होतं. रॉचंही बरोबर होतं. तुमच्या तोंडावर मी हे कधीच म्हटलं नसतं, म्हणून आता म्हणतो.

सिद्रामप्पांनी गाणं दुकानातच ऐकलं. त्यात पंख्याचा आवाज आहे, मध्येच कुणीतरी "वाटी आन, वाटी" म्हणून ओरडतं, आणि त्यांची बायको गातीये. एका कडव्यात ती विसरते, हसते, आणि "काय गं पुढचं?" असं कुणाला तरी विचारते. त्यांनी तेवढाच भाग पुन्हा लावायला सांगितला. गाणं नाही, ते विचारणं. मग टोपी घातली, मला नमस्कार केला. मी म्हटलं, मामा, मला नको, आमच्या दाजींना करा. त्यांनी भिंतीकडं बघून केला, तिथं तुमचा फोटोबिटो काही नाही तरी.

आता एक भांडण राहिलंय, आणि ते तुमच्याशी आहे की माझ्याशी, मला कळत नाही. घडलं ते सगळं मी आक्काला सांगितलं, तिनं ते शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग म्हणाली, "सुतकानं वाचवलं म्हणायचं. जाता जाता बी सांबाळूनच गेलं की ह्ये." ज्यांना ज्यांना सांगतो ते हेच म्हणतात. दाजींची पुण्याई. दाजी गेले म्हणून डबा वाचला.

मला हे पटत नाही. गेलात म्हणून धाकटी वाचली, हे म्हणायला माझी जीभ रेटत नाही. तुम्ही असतात तर थोरलीचा प्लग निघाला असता. हार शटरला लागला असता. एक फूल, वर, पंख्यापासून लांब. वाचवायला काही जळालंच नसतं. तुम्ही नव्हता म्हणून वाचलं हे खरं, आणि तुम्ही नव्हता म्हणून गेलं हेही खरं, आणि यातलं पहिलं सांगून लोक माझं समाधान करायला बघतात. मला तुम्ही हवे होतात. डबे काय, पुन्हा बांधता आले असते.

काल बार्शीला पोचलो तेव्हा दिवस कलला होता. यंदा तिथं दिवाळी नव्हती, आकाशकंदील नाही की पणती नाही. आक्कानं चहा टाकला. मी धाकटी फडताळात ठेवली, डिस्क नीट फिरतात का बघायला एकदा चालू केली. ती गुणगुणायला लागली तशी आक्का पदराला हात पुसत दारात आली.

"ह्यात ह्यांचा आवाज हाय का रं कुटं?"

असणार. निवृत्तीनंतर तुम्ही माझ्याबरोबर लग्नांना यायचात, लाइटपाशी उभे राहून "रम्या, बॅटरी बघ, बॅटरी" करत. फिल्ममधून मी ते दर वेळी कापलं. रॉमध्ये असणार. मी म्हटलं, हाय, आक्का. शोधून देतो. माझ्यानं अजून झालं नाही ते, पण देतो.

ती आत गेली. मला वाटलं रडायला गेली. परत आली ती करंडा घेऊन. तुम्ही गेल्यापासून तो कपाटात मागं सारलेला होता. दुसऱ्या हातात परसातल्या जास्वंदीचं एक फूल. मी म्हटलं, "आक्का, दसरा होऊन गेला की."

"हिची ऱ्हायलीय," ती म्हणाली. "आता हितंच करीन मी दर साली. हिला न्हेऊ नगं."

म्हणजे तुम्ही सांगितलं होतंत तर. का तिचं तिलाच कळलं, मी विचारलं नाही.

तिनं आधी प्लग काढला. वायर गोल गुंडाळली आणि बाजूला ठेवली. स्वतःच्या बोटानं धाकटीला हळद लावली, कुंकू लावलं. फूल हातात घेऊन ती डब्याला एक वळसा घालून बघत होती. मला वाटलं, पुढं ठेवणार. मी हात पुढं केला, तर तिनं तो बाजूला सारला.

"तोंडाशी न्हाय ठिवायचं," ती म्हणाली. "त्याला श्वास घ्यायचा असतोय."